हिरवी खूण आणि न चाललेल्या चाचण्या

मजकुराचे एका संकेतप्रणालीतून दुसरीत रूपांतर करणाऱ्या एका लायब्ररीच्या देखभालीचे काम मी काही वर्षे एका लहान चमूसोबत करत होतो. लायब्ररीचा गाभा सी भाषेत होता, त्यावर पायथनमधून वापरता येईल असे आवरण होते आणि ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा एक भाग होता. तिन्ही भागांना आपापल्या चाचण्या होत्या. कोडमधील प्रत्येक बदलानंतर त्या एका स्वयंचलित पाइपलाइनवर चालत आणि सर्व ठीक असल्यास त्या बदलापुढे हिरवी खूण येई. एका नव्या आवृत्तीनंतर तक्रार आली, की वाचनाच्या बफरची (मजकूर तुकड्यातुकड्याने वाचताना तो तुकडा ठेवण्याच्या जागेची) सीमा नेमकी यूटीएफ-८ या संकेतप्रणालीतील ३ बाइटांच्या अक्षराच्या मध्यावर पडली तर प्रोग्राम कोसळतो. ही चूक पकडणारी चाचणी आमच्याकडे आधीपासून होती. माझ्या संगणकावर चालवताच ती नापास झाली. पाइपलाइनवर मात्र त्या काळातील प्रत्येक बदल हिरवा होता.

चूक दुरुस्त करायला अर्धा तास पुरला. चाचणी नापास होत असताना हिरवी खूण येत कशी राहिली, याचा उलगडा व्हायला मात्र बरेच दिवस लागले, कारण दोष एका जागी नव्हता. चाचणी आणि ती चालवणारे साधन यांच्यात कोणी काय सांगायचे आणि कोणी काय गृहीत धरायचे हे कधीच लिहून ठरलेले नव्हते, आणि त्या न ठरलेल्या जागेत चार वेगवेगळ्या चुका एकमेकींना झाकत बसल्या होत्या. त्या चुका आणि त्यानंतर आम्ही लिहून काढलेला करार हा या अभ्यासाचा विषय आहे.

पाइपमध्ये हरवलेला निकाल

पाइपलाइन एकच स्क्रिप्ट चालवत असे आणि ती स्क्रिप्ट तिन्ही भागांच्या चाचण्या एकापाठोपाठ चालवून एकत्रित निकाल देत असे. सी भागासाठी त्यात ‘मेक चेक’ ही आज्ञा होती. चाचण्यांचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि लॉग फाइलमध्येही साठावा, या अगदी योग्य हेतूने कोणीतरी त्या आज्ञेचे आउटपुट पाइपने, म्हणजे एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने, ‘टी’ या प्रोग्रामकडे वळवले होते. युनिक्स शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मूळ नियमानुसार पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड (आज्ञा संपताना परत करते तो आकडा; ० म्हणजे यश) हाच संपूर्ण साखळीचा एक्झिट कोड मानला जातो. ‘मेक’ अपयशी ठरून २ परत करत होते, ‘टी’ आपली फाइल नीट लिहून ० परत करत होते आणि स्क्रिप्टच्या हाती फक्त ते ० पडत होते.

लॉग फाइलमध्ये प्रोग्राम कोसळल्याची ओळ स्पष्ट छापलेली होती. परंतु हिरव्या खुणेमागचा लॉग उघडून वाचण्याची गरज कोणाला वाटत नाही आणि ती वाटू नये यासाठीच तर चाचण्या यंत्राच्या हाती सोपवलेल्या असतात. त्यामुळे मी याला चमूतील कोणाचा निष्काळजीपणा मानत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केला, की साखळीतील कोणतीही आज्ञा अपयशी ठरल्यास संपूर्ण साखळी अपयशी ठरते, आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत या पर्यायाचा समावेशही झाला आहे. तरीही तो चालू आहे असे गृहीत धरता येत नाही. गिटहब अ‍ॅक्शन्स या पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेच्या लिनक्स यंत्रांवर शेल म्हणून बॅशचे नाव स्पष्ट लिहिले तर ‘पाइपफेल’ चालू असते. काहीच लिहिले नाही तर वापरला जातो बॅशच, पण ‘पाइपफेल’शिवाय. एक शब्द लिहिला की नाही, यावर तीच ओळ एकदा खरा निकाल देते आणि एकदा खोटा. असे नियम पाठ असणारे लोक प्रत्येक चमूत असतीलच असे नाही, म्हणूनच चाचणीचा निकाल एखाद्या शेलच्या मर्जीवर सोडणे मला धोक्याचे वाटते.

दुसऱ्या साक्षीदाराचे काय झाले

एक्झिट कोड हरवला तरी आमच्याकडे दुसरा पुरावा असायला हवा होता. प्रत्येक भागाच्या चाचण्या शेवटी जेयुनिट (जावाचे चाचणीसाधन) पद्धतीची एक्सएमएल फाइल लिहीत आणि पाइपलाइन त्या फाइली वाचून किती चाचण्या पास झाल्या, किती नापास आणि किती वगळल्या याचा तक्ता दाखवत असे. या फाइलीचा साचा जावासाठीच्या अँट या बांधणीसाधनातून आला, जेन्किन्ससारख्या पाइपलाइन चालवणाऱ्या साधनांनी तो स्वीकारला आणि आज जावाशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य भाषांची साधने तो लिहितात. सर्वांना बांधील असे अधिकृत स्वरूप त्याला लाभलेले नाही, त्यामुळे प्रत्येक साधन त्यात थोडा आपला रंग मिसळते. पण आमची अडचण त्याहून मूलभूत होती. ही फाइल साधारणपणे सर्व चाचण्या संपल्यावर लिहिली जाते आणि तिच्यात ज्या चाचण्या झाल्या त्यांचीच नोंद असते. किती व्हायला हव्या होत्या याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आमच्या सी भागातील सर्व चाचण्या एकाच प्रोग्राममध्ये होत्या. बफरची चाचणी आली, की तो प्रोग्राम कोसळे आणि एक्सएमएल लिहिण्याची पाळीच येत नसे. अशा वेळी तक्ता रिकामा दिसायला हवा होता. तो भरलेला होता, आणि आदल्या दिवशीच्या तक्त्यासारखाच तंतोतंत भरलेला होता. कारण असे, की संकलनाचा वेळ वाचावा म्हणून बांधणीची डिरेक्टरी कॅशमध्ये ठेवली जाई आणि तिच्यात शेवटच्या यशस्वी वेळची एक्सएमएल फाइल तशीच पडून असे. हा धोका साधने बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. जेन्किन्सचे जेयुनिट प्लगइन फाइलींच्या वेळा तपासते आणि सर्वच जुन्या निघाल्या तर अहवाल सापडले पण त्यांपैकी एकही नवा नाही, चाचण्या खरोखर चालल्या का, असे विचारत थांबते. आमच्या स्क्रिप्टने नेमका तोच पहारा निकामी केला होता. तिन्ही भागांचे अहवाल एका जागी यावेत म्हणून ती फाइलींची प्रत काढत असे आणि प्रत काढताना जुन्या फाइलीला ताजी वेळ मिळत असे.

या टप्प्यावर मी खऱ्या अर्थाने अस्वस्थ झालो. एका साक्षीदाराचे तोंड पाइपने बंद केले होते आणि दुसरा जुनीच साक्ष नव्या तारखेने देत होता.

उरलेले दोन भाग

सी भागात हे निघाल्यावर बाकीचे दोन भाग तपासणे ओघाने आले. पायथनच्या चाचण्या पायटेस्ट या साधनाने चालत. पायटेस्टचे एक्झिट कोड नीट ठरलेले आहेत : सर्व पास असतील तर ०, काही नापास असतील तर १, मध्येच थांबवले तर २, पायटेस्टमध्येच बिघाड झाला तर ३, आज्ञा चुकीची दिली तर ४ आणि एकही चाचणी सापडली नाही तर ५. आमच्या एका उपपॅकेजला चाचण्या नव्हत्या, त्यामुळे तेथे ५ येई, आणि ती कटकट मिटवण्यासाठी कोणीतरी स्क्रिप्टमध्ये ५ हा यशस्वी मानण्याची अट सर्वच उपपॅकेजांसाठी घातली होती. पुढे एका मोठ्या उपपॅकेजच्या चाचण्यांच्या फाइली दुसऱ्या डिरेक्टरीत हलवल्या गेल्या, स्क्रिप्टमधील वाट चाचण्या न उरलेल्या जुन्या डिरेक्टरीचीच राहिली, आणि त्या दिवसापासून तेथील एकही चाचणी चालली नव्हती.

जावास्क्रिप्टच्या भागात चाचण्या सापडत होत्या, पण त्या एका चाचणी-सर्व्हरचा पत्ता पर्यावरण-चलातून (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या नामांकित मूल्यातून) वाचत आणि तो न मिळाल्यास स्वतःला वगळून घेत. पाइपलाइन नव्या यंत्रांवर हलवताना ते चल राहून गेले. सर्व चाचण्या वगळल्या गेल्या, नापास एकही झाली नाही, म्हणून निकाल ०. येथे एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-व्यवस्थापकाची एक गोष्ट मला मनापासून आवडते : नवा प्रकल्प सुरू करताना त्यात चाचणीची जी आज्ञा आपोआप लिहिली जाते, ती चाचणी ठरवलेली नाही असे सांगून एक्झिट कोड १ देते. काही न करणाऱ्या प्रकल्पाला उत्तीर्ण म्हणण्याचे ती नाकारते. पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्ट या चाचणीसाधनानेही पायथन ३.१२ पासून एकही चाचणी सापडली नाही तर ५ हा कोड देणे सुरू केले, ही त्याच दिशेची सुधारणा आहे.

शोध घेताना आणखी एक दोष हाती लागला, जो अजून कोणाला बाधला नव्हता. आमचा सी भाषेतील चाचणीचालक नापास चाचण्यांची संख्या हाच एक्झिट कोड म्हणून परत करत असे. युनिक्समध्ये एक्झिट कोडचे खालचे ८ बिटच चालवणाऱ्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे बरोबर २५६ चाचण्या नापास झाल्या असत्या, तर तो आकडा ० म्हणून पोहोचला असता. आमच्या चाचण्यांची संख्या तितकी वाढायला फार वेळ उरला नव्हता.

इतरांनी केलेले करार

स्वतःचे नियम लिहिण्यापूर्वी हा प्रश्न इतरांनी कसा सोडवला ते आम्ही पाहिले, आणि तो वेळ फार सत्कारणी लागला असे मला आजही वाटते.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परंपरेत चाचण्यांसाठी ‘मेक चेक’ हे दार ठरलेले आहे. प्रकल्प कोणाचाही असो, अनोळखी यंत्रालाही कोठे ठोठवायचे हे कळते. त्याच परंपरेतील ऑटोमेक या बांधणीसाधनाने त्यापुढे जाऊन प्रत्येक चाचणीच्या एक्झिट कोडला अर्थ दिला : ० म्हणजे पास, ७७ म्हणजे वगळली, ९९ म्हणजे चाचणीची तयारीच कोसळली आणि बाकी कोणताही आकडा म्हणजे नापास. मेसॉन हे बांधणीसाधनही ७७ आणि ९९ यांचे हेच अर्थ मानते. वगळणे हे पास होण्याहून वेगळे आहे आणि ते आकड्यातच दिसले पाहिजे, हा विचार आमच्या जावास्क्रिप्ट भागाला फार उपयोगी पडला असता.

सर्वांत जास्त मी शिकलो ते टॅप, म्हणजे टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉलकडून. पर्लच्या १९८७ मधील पहिल्या आवृत्तीसोबतच्या चाचण्यांतून तो जन्मला. त्याचे स्वरूप इतके साधे आहे, की कोणत्याही भाषेतून केवळ ओळी छापून तो बोलता येतो. चाचणी ‘१..२४’ अशी योजना जाहीर करते आणि मग प्रत्येक तपासणीसाठी क्रमांकासह ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी एक ओळ छापते. योजना सुरुवातीला छापली आणि प्रोग्राम १७ व्या ओळीनंतर कोसळला, तर ऐकणाऱ्याला ७ ओळी आल्या नाहीत हे कोणी न सांगता कळते. आमच्या सी भागात नेमके हेच घडत होते, आणि जेयुनिटच्या एक्सएमएलला जे सांगता आले नाही ते या साध्या पद्धतीने पहिल्याच दिवशी सांगितले असते. किती होणार हे आधी बोलून दाखवणे, या एका कल्पनेसाठी मी टॅपला इतर सर्व स्वरूपांच्या वर ठेवतो.

डेबियन या लिनक्स वितरणाचा मार्ग वेगळा आहे आणि तो मोठ्या संख्येच्या अडचणीतून आला आहे. हजारो पॅकेजांच्या चाचण्या एकाच साधनाने चालवायच्या, तर प्रत्येकीला काय लागते हे माणसाला विचारत बसता येत नाही. म्हणून प्रत्येक पॅकेज एका ठरलेल्या जागी एक नियंत्रण-फाइल ठेवते. तिच्यात चाचण्यांची नावे, त्यांना लागणारी इतर पॅकेजे आणि त्यांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात : हिला रूटचे, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचे, अधिकार लागतात, हिला कंटेनर (त्याच यंत्रावरचा वेगळा केलेला कप्पा) पुरत नाही, संपूर्ण वेगळे यंत्र लागते, ही चाचणी यंत्राची अवस्था बिघडवते. डेबियनचे ऑटोपीकेजीटेस्ट हे साधन ही फाइल वाचून योग्य यंत्र निवडते आणि चाचणी मूळ कोडच्या डिरेक्टरीवर न चालवता बसवलेल्या पॅकेजवर चालवते. त्याचे स्वतःचे एक्झिट कोडही वाचण्यासारखे आहेत. काही चाचण्या वगळल्या तर २, नापास झाल्या तर ४, दोन्ही घडले तर ६, चाचण्याच नसतील किंवा सर्व वगळल्या गेल्या तर ८, पॅकेज सदोष असेल तर १२ आणि चाचणीचे यंत्रच बिघडले तर १६. आमच्या पायथन आणि जावास्क्रिप्ट भागांचे आजार या यादीत एकत्र, ८ या आकड्यात, आधीच नोंदलेले होते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणानेही अ‍ॅन्सिबल या स्वयंचलनसाधनाच्या फाइलींवर आधारलेला एक प्रमाण चाचणी-दुवा आखला होता आणि नंतर तो समुदाय टीएमटी या साधनाकडे वळला.

पायथनच्या जगातील एक प्रसंग मात्र सावध करणारा आहे. ‘सेटअप डॉट पीवाय टेस्ट’ ही आज्ञा दीर्घकाळ एक समान दार म्हणून वापरली गेली. सेटअपटूल्स या पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या देखभालकर्त्यांनी २०१९ मध्ये ती कालबाह्य ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये ७२.०.० या आवृत्तीत काढून टाकली. अनेक जुन्या पॅकेजांच्या सेटअप फाइली ते मॉड्यूल आयात करत असल्यामुळे त्यांची बांधणीच थांबली, ती आवृत्ती मागे घेतली गेली आणि ७२.१.० मध्ये आज्ञा परत आली. पॅकेज बांधण्यासाठी पायथनमध्ये पेप ५१७ या सुधारणा-प्रस्तावाने प्रमाण दुवा दिला, पण चाचण्या चालवण्यासाठी तशी प्रमाण आज्ञा झालेली नाही. एकदा उघडलेले दार कोणकोण वापरत आहे हे उघडणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून आमचे दार शक्य तितके लहान ठेवायचे असे आम्ही ठरवले.

आम्ही काय लिहिले

करार एका पानाचा झाला. प्रत्येक भागात ठरलेल्या नावाची एकच कार्यान्वित फाइल असेल आणि ती कोणतेही आर्ग्युमेंट (आज्ञेसोबत दिलेली माहिती) न घेता त्या भागाच्या सर्व चाचण्या चालवेल. तिला लागणारी साधने, सेवा आणि पर्यावरण-चले शेजारच्या एका लहान फाइलीत जाहीर केलेली असतील. त्यांपैकी एखादे न मिळाल्यास चालक, म्हणजे चाचण्या चालवणारी आमची स्क्रिप्ट, चाचणी सुरूच करणार नाही आणि निकाल ‘यंत्र बिघडले’ असा नोंदवेल, ‘वगळले’ असा नाही. चाचणी सुरू होण्यापूर्वी चालक एक रिकामी डिरेक्टरी देईल आणि अहवाल तिच्यातच लिहिले जातील, म्हणजे जुनी फाइल चुकून उचलली जाण्याचा प्रश्न उरणार नाही. एक्झिट कोडचे अर्थ ऑटोमेकप्रमाणेच ठेवले, कारण नवे आकडे शोधण्यात काही लाभ नव्हता.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्यावरच सर्वाधिक वाद झाला. एक्झिट कोड आणि अहवाल यांचे एकमत झाले तरच निकाल पास धरायचा. कोड ० पण अहवालात नापास चाचणी असेल, कोड ० पण अहवालच नसेल, किंवा कोड १ पण अहवालात सर्व पास दिसत असेल, तर तिन्ही वेळा निकाल लाल. याला जोडून प्रत्येक भागाने आपल्या चाचण्यांची किमान संख्या जाहीर करायची आणि प्रत्यक्षात चाललेल्या चाचण्या त्याहून कमी भरल्या तर पाइपलाइन थांबवायची. या किमान संख्येला चमूतील दोघांचा विरोध होता. चाचण्या एकत्र केल्या किंवा जुन्या काढल्या, की दरवेळी तो आकडा हाताने बदलावा लागेल, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. माझे म्हणणे असे, की तो बदल पुनरावलोकनात डोळ्यांसमोर येतो हाच त्याचा उपयोग आहे; चाचण्यांच्या फाइली हलवल्या गेल्या त्या दिवशी असा एक आकडा असता, तर ती चूक त्याच दिवशी पकडली गेली असती. शेवटी नियम राहिला. त्या दोघांपैकी एकाने पुढे आकडा आपोआप वाढवणारी, पण कमी करताना माणसाची संमती मागणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि त्रास बराच कमी झाला.

डेबियनचा एक नियम आम्ही घेतला आणि सोडून दिला. तेथे चाचणीने स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) काहीही लिहिले तर ती नापास धरली जाते. चाचणीने तशी सूट आधी मागितली असेल तरच अपवाद होतो. तत्त्व म्हणून मला हा कडकपणा पटतो. पण आमच्या जावास्क्रिप्ट भागातील अवलंबने कालबाह्यतेच्या सूचना स्टँडर्ड एररवरच छापत असत, त्यामुळे त्या भागात लाल खूण रोजची झाली, आणि रोज दिसणाऱ्या लाल खुणेकडे लोक दुर्लक्ष करायला शिकतात. सी भागापुरता नियम ठेवला, इतरत्र काढला.

मुद्दाम नापास

करार लिहून आणि चालक बदलून झाल्यावर आमच्यातील सर्वांत नव्या सहकारिणीने विचारले, “हे सगळे आता नीट चालते आहे, हे आपल्याला कशावरून कळले?” तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पाइपलाइन हिरवी होती, पण हिरवी तर ती आधीही होती.

त्यातून या प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट निघाली. प्रत्येक भागात आम्ही नापास होण्यासाठीच लिहिलेल्या चाचण्यांचा एक छोटा संच ठेवला : एक साधी नापास होणारी, एक मध्येच कोसळणारी, एक कधीच न संपणारी, एक स्वतःला वगळणारी, आणि एक रिकामी डिरेक्टरी, जिच्यात चाचणीच नाही. आठवड्यातून एकदा एक स्वतंत्र काम हा संच नेहमीच्याच चालकातून चालवते आणि प्रत्येकीचा निकाल अपेक्षेप्रमाणे लाल आला का ते तपासते. कोणतीही एक हिरवी आली, तर तो आठवडा चाचण्यांवर विश्वास ठेवण्याचा नाही असे धरून सर्व प्रकाशने थांबवली जातात.

पहिल्याच वेळी त्या संचाने चालकातील दोष दाखवला. न संपणारी चाचणी ‘टाइमआउट’ या आज्ञेने थांबवली जाई, तिचा कोड १२४ येई आणि चालक ते ‘नापास’ म्हणून नोंदवी. इथवर ठीक होते. पण स्मृती संपल्यामुळे लिनक्सच्या कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) चाचणी मारली, की शेलकडून १३७ येई, म्हणजे १२८ अधिक प्रोग्राम थांबवणाऱ्या सिग्नलचा क्रमांक ९, आणि तेही साध्या ‘नापास’मध्ये मोडत असे. कोडमधील चूक शोधत बसलेल्या माणसाला यंत्राची स्मृती अपुरी होती हे कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर १२८ च्या वरचे सर्व कोड आम्ही वेगळे नोंदवू लागलो. मात्र सी प्रोग्राम स्वतःच्या चुकीने कोसळला तरी १३९ हा कोड येतो, म्हणजे तोही १२८ च्या वरच. तेव्हा यंत्राचा दोष आणि कोडचा दोष यांतील रेषा केवळ आकड्यावरून आखता आली नाही. १३७ आला, की चालक कर्नलच्या नोंदी तपासतो आणि तेथे स्मृती संपल्याची ओळ सापडली तर निकाल ‘यंत्र बिघडले’ असा देतो, नाही तर ‘नापास’. कंटेनरच्या आतून त्या नोंदी नेहमी वाचता येत नाहीत, त्यामुळे असे काही निकाल अजूनही माणसालाच पाहावे लागतात, आणि ते पाहण्याची पाळी आठवड्यागणिक एकेकाकडे असते.